विड्याचं पान भाजी आहे का? अकोल्याच्या खटल्यातला ‘व्हेजिटेबल’

१९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने अकोल्याच्या एका पानव्यापाऱ्याच्या प्रकरणात निकाल दिला. वाद एवढाच होता, की विड्याचं पान हे ‘व्हेजिटेबल’ आहे की नाही. कर लागणार की माफ होणार, हे त्या एका इंग्रजी शब्दावर अवलंबून होतं. मराठीत हाच प्रश्न कुणी विचारला तर उत्तर द्यायला वेळ लागत नाही. भाजी आणायला पिशवी घेऊन निघालेला माणूस पानांची कवळी, म्हणजे जुडी, घेऊन घरी येत नाही. पण कायदा इंग्रजीत होता आणि इंग्रजीतल्या त्या शब्दाला दोन अर्थ होते. दोन्ही खरे, दोन्ही कोशात नोंदलेले.

‘रामावतार बुधईप्रसाद विरुद्ध सहायक विक्रीकर अधिकारी, अकोला’ हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत बहुधा दोन ओळींत उरकला जातो. करकायद्यातल्या रोजच्या वापरातल्या शब्दाचा अर्थ शास्त्रीय परिभाषेप्रमाणे लावू नये, लोकांच्या बोलण्यातला अर्थ घ्यावा, एवढं सांगून पुस्तक पुढे जातं. त्या दोन ओळी चूक नाहीत. पण भांडण नेमकं कुठे अडलं होतं हे त्यांतून कळत नाही. शिवाय, ज्या कसोटीवर निकाल लागला ती कसोटी आपल्याकडच्या पानाला कितपत बसते, हे सहसा विचारलंच जात नाही. मला हे प्रकरण पुन्हा उघडावंसं वाटतं ते मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नासाठी.

यादीतला सहावा क्रमांक

कायदा होता मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा, १९४७. तेव्हा या प्रांताची राजधानी नागपूर. विक्रीकर म्हटला की त्यात सूट आलीच. गरिबाच्या घरात रोज लागणाऱ्या वस्तूंवर कर नको, म्हणून कायद्याच्या कलम ६ला जोडून दुसरी अनुसूची दिली होती. तिच्यात नाव असलेल्या वस्तूवर कर नाही. या यादीत सहाव्या क्रमांकावर एकच शब्द होता: ‘व्हेजिटेबल्स’. कायद्यात त्याची व्याख्या कुठेही दिलेली नव्हती. आणि याच यादीत, बऱ्याच खाली, छत्तिसाव्या क्रमांकावर होती विड्याची पानं. म्हणजे सुरुवातीला पानं करमुक्त होती, आणि तीही स्वतःच्या नावाने.

१९४८मध्ये दुरुस्ती कायदा आला आणि छत्तिसावा क्रमांक यादीतून गळला. सहावा जिथल्या तिथे राहिला.

पुढे राज्यं बदलली. १९५०मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचं मध्य प्रदेश झालं, १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. निकाल लागला तेव्हा अकोला महाराष्ट्रात होतं, पण वाद नागपूरला तयार झालेल्या त्या जुन्या यादीवरच चालला होता.

व्यापाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं. छत्तिसावा क्रमांक काढला, ठीक आहे. पण सहावा आहे ना? पान हे वेलीचं पान आहे, वेल ही वनस्पती आहे, म्हणून पान हे व्हेजिटेबल आहे. तेव्हा एका दारातून बाहेर काढलेल्या पानाला दुसरं दार उघडंच आहे. या म्हणण्याला आधार म्हणून शॉर्टर ऑक्सफर्ड कोश पुढे केला गेला. त्यात या शब्दापुढे दिलं होतं, की वनस्पतींशी किंवा त्यांच्या भागांशी संबंधित, त्यांचं बनलेलं, त्यांच्यापासून निघालेलं किंवा मिळालेलं.

आता हा अर्थ व्यापाऱ्याने ओढूनताणून आणलेला नव्हता, हे आधी मान्य करायला हवं. शब्दाचं मूळ लॅटिन. जिवंत करणं, चैतन्य आणणं अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो निघाला. मग जो वाढतो तो, असा अर्थ झाला, आणि इंग्रजीत तो वनस्पतिमात्राला लागला. कित्येक वर्षं इंग्रजीत ओक वृक्षही व्हेजिटेबल होता आणि शेवाळही. ताटात येणारी भाजी हा अरुंद अर्थ अठराव्या शतकापासून रुळला. पण त्याने जुन्या अर्थाला हाकललं नाही. दोघंही शेजारी शेजारी नांदत राहिले. तेल ‘व्हेजिटेबल ऑइल’ असतं, रंग ‘व्हेजिटेबल डाय’ असतो, बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेलं कातडं ‘व्हेजिटेबल टॅन’ असतं. यांत भाजी कुठेच नाही. आपल्याकडे घरोघरी डब्यातून आलेल्या वनस्पती तुपालाही इंग्रजीत ‘व्हेजिटेबल घी’ म्हणत. मराठीने त्याचं ‘भाजीचं तूप’ केलं नाही, ‘वनस्पती’ केलं, म्हणजे अर्थ बरोबर ओळखला.

मग व्यापाऱ्याचं चुकलं कुठे? मला वाटतं, पहिली गफलत व्याकरणाची होती. कोशातून पुढे केलेला तो अर्थ विशेषणाचा आहे. ‘अमुकपासून निघालेलं, अमुकशी संबंधित’ हे विशेषण दुसऱ्या कुठल्या तरी नामाला चिकटतं: तेल, रंग, तूप. यादीत मात्र विशेषण नव्हतं. तिथे नाम होतं आणि तेही अनेकवचनी. बाजारात उभं राहून कुणी ‘व्हेजिटेबल्स’ मागितल्या तर त्याला काय हवं आहे, हे त्या अनेकवचनातच सांगितलेलं असतं. हा मुद्दा निकालाचा कणा नाही. पण कोश उघडला की आपल्या उपयोगाची ओळ सापडतेच, आणि ती ओळ शब्दाच्या कुठल्या रूपाची आहे हे बघायचं राहून जातं. वकिलांचंच नव्हे, अनुवादकांचंही असं होतं.

दुसरी गोष्ट अकोल्यात राहणाऱ्याला सांगायलाच नको. रुंद अर्थ घेतला तर कापूसही करमुक्त होईल. सरकीही, सागवानही, तंबाखूही. कापसाच्या बाजारपेठेच्या गावात विक्रीकराच्या यादीतला एक शब्द साऱ्या गाठींना सूट देऊन टाकेल आणि कर लावायला काही उरणारच नाही. छत्तीस किंवा अधिक वस्तूंची यादी करायला बसलेल्या माणसाच्या मनात असा शब्द असेल, हे पटत नाही. ज्या यादीत एकच शब्द बाकीच्या बऱ्याच नोंदी गिळून टाकतो, त्या यादीत तो शब्द तेवढा मोठा नसतोच.

न्यायालयाने काय म्हटलं

निकालपत्र आटोपशीर आहे. न्यायालयाने आधी यादीचा इतिहास पाहिला. कायदेमंडळाने ‘व्हेजिटेबल्स’ आणि ‘विड्याची पानं’ अशा दोन वेगळ्या नोंदी केल्या, याचाच अर्थ पानं पहिल्या नोंदीत येतात असं त्याला वाटत नव्हतं. पुढे दुसरी नोंद काढली, याचा अर्थ पानांवर कर बसवायचा होता.

हा युक्तिवाद वाचताना पटतो. पण त्याला उलटं उत्तर देता येतं. व्यापारी म्हणू शकला असता, की पानं मुळात सहाव्या नोंदीत होतीच, छत्तिसावी नोंद नुसती जास्तीची खबरदारी होती, आणि ती काढली ती जादा ठरली म्हणून. कायदे लिहिणारी माणसं अशी खबरदारी पुष्कळदा घेतात, मागाहून ती काढूनही टाकतात. म्हणजे यादीच्या इतिहासातून दोन उलट गोष्टी निघू शकतात. त्यांतली कुठली खरी हे ठरवायला शेवटी शब्दाकडेच यावं लागतं. लोकांच्या बोलण्यात पान ही भाजी असेल, तर नोंद जादा होती. नसेल, तर ती नोंद हाच पानाचा एकमेव आधार होता आणि तो गेला. म्हणून निकालाचे हे दोन पाय वेगवेगळे उभे राहत नाहीत. पुस्तकांत ते सुटे सुटे मांडले जातात, तेव्हा पहिला आहे त्यापेक्षा भक्कम वाटतो.

शब्दाबद्दल न्यायालयाने सांगितलं ते असं. या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही, तो रोजच्या वापरातला आहे. तेव्हा त्याचा अर्थ तांत्रिक किंवा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लावायचा नाही. कायदा ज्या विषयाचा आहे त्या विषयाची माहिती असलेली माणसं त्या शब्दाला जो अर्थ देतील, तो लोकरूढ अर्थ घ्यायचा. यासाठी न्यायालयाने दोन निकालांचा आधार घेतला, एक कॅनडाचा आणि एक घरचा.

कॅनडाचा निकाल १९५१मध्ये छापलेला. खारे दाणे आणि काजू हे फळांत किंवा भाज्यांत मोडतात का, असा तिथे करासाठीच वाद होता. न्यायमूर्तींनी विचारलं, की संध्याकाळच्या जेवणासाठी फळं किंवा भाजी घेऊन ये असं घरच्या माणसाला सांगितलं, तर तो खारे दाणे घेऊन येईल का? उत्तर उघडच नाही असं होतं. शब्दाचा अर्थ काढायची इतकी सरळ रीत मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. व्याख्या करत बसायचं नाही. एक साधं काम नेमून द्यायचं आणि माणूस काय घेऊन येतो ते पाहायचं.

घरचा निकाल १९५६चा, मध्य प्रदेश पान मर्चंट्स असोसिएशन, संत्रा मार्केट, नागपूर या संस्थेचा. म्हणजे अकोल्याच्या आधी नागपूरच्या पानवाल्यांनी हाच प्रश्न त्या वेळच्या मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयात नेला होता आणि तिथे हरले होते. त्या न्यायालयाने म्हटलं, की निसर्गशास्त्रात या शब्दाला जो व्यापक अर्थ आहे तो इथे देता येणार नाही. परसबागेत पिकवतात आणि जेवणात वापरतात त्या जातीचा वनस्पतिज माल म्हणजे व्हेजिटेबल्स. सर्वोच्च न्यायालयाने हे जसंच्या तसं मान्य केलं. व्यापारी हरला, पानांवर कर कायम राहिला.

परसबाग कुणाची?

‘परसबागेत पिकवतात आणि जेवणात वापरतात’ हे शब्द १८९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वापरलेल्या शब्दांशी चांगलेच जुळतात. तो खटला ‘निक्स विरुद्ध हेडन’. वेस्ट इंडीजमधून १८८६च्या वसंतात न्यूयॉर्कला टोमॅटो आले. १८८३च्या जकात कायद्यानुसार भाज्यांवर दहा टक्के जकात होती, फळांवर नव्हती. बंदराचा जकात अधिकारी एडवर्ड हेडन याने जकात घेतली, आयातदार निक्स यांनी ती परत मिळावी म्हणून दावा लावला.

त्या दाव्याची सुनावणी वाचण्यासारखी आहे. आयातदाराच्या वकिलाने वेबस्टर, वॉर्सेस्टर आणि इंपीरियल हे कोश काढून फळ आणि भाजी या शब्दांच्या व्याख्या वाचल्या. मग तीस वर्षं फळं-भाज्या विकणारे दोन साक्षीदार उभे केले आणि व्यापारात या शब्दांना काही निराळा अर्थ आहे का, असं विचारलं. ते म्हणाले, नाही. मग वकिलाने टोमॅटोची व्याख्या वाचली. त्यावर सरकारी वकील उठला आणि त्याच कोशांतून मटार, वांगं, काकडी, भोपळा आणि मिरची यांच्या व्याख्या वाचल्या, कारण वनस्पतिशास्त्राने बघितलं तर हीसुद्धा फळंच आहेत. आयातदाराच्या वकिलाने पुन्हा कोश उघडून बटाटा, सलगम, फ्लॉवर, कोबी, गाजर वगैरे वाचलं. पुराव्यात दुसरं जवळजवळ काही नव्हतंच. एका बाजूची भाजी, दुसऱ्या बाजूची भाजी.

न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी सांगितलं, की कोश हा पुरावा नव्हे, न्यायालयाच्या स्मरणाला आणि समजुतीला मदत म्हणून तो बघायचा. शास्त्राने टोमॅटो हे वेलीचं फळ आहे हे कबूल. पण लोकांच्या बोलण्यात ती परसबागेतली भाजी आहे. जेवणात सूप, मासे, मांस या मुख्य पदार्थांबरोबर किंवा त्यांच्यानंतर ती वाढली जाते, फळासारखी शेवटच्या गोडाला नाही. जकात कायम राहिली.

(हा वाद मराठीत मुळात उभाच राहिला नसता. आपण फळभाजी, पालेभाजी, शेंगभाजी असे शब्द कधीचे वापरतो. टोमॅटो फळभाजी आहे, म्हणजे एकाच शब्दात दोन्ही बाजू मिटल्या.)

आता हे माप उचलून वऱ्हाडात आणलं की काय होतं? ‘जेवणात वापरतात’ एवढं ठीक. ‘परसबागेत पिकवतात’ हे मात्र अडचणीचं आहे. विदर्भात पानांची लागवड सावलीच्या पानमळ्यांत होते. अंजनगाव सुर्जीच्या भागात बारी समाजाने हे मळे पिढ्यान् पिढ्या सांभाळले, आणि तिथेच पानपिंपळीही होते. पानमळा म्हणजे परसबाग नव्हे, तेव्हा वऱ्हाडात ही कसोटी पानाला बाहेर ठेवते. पण कोकणात आणि गोव्यात जा. घरामागच्या आगरात, कुळागरात पोफळीवर नागवेल चढवलेली असते. तिचं पान घरच्या पानाच्या डब्यात येतं. तिथे पान अगदी खऱ्या अर्थाने परसात वाढतं. म्हणजे कसोटीचा पहिला अर्धा भाग कोकणात पानाला आत घेतो आणि वऱ्हाडात बाहेर ठेवतो. उलट बटाटा नि कांदा घ्या. नाशिक-पुण्याकडे ही शेतावरची नगदी पिकं आहेत, परसात कुणी लावत नाही. पण कांदा-बटाटा ही भाजी नव्हे असं कुणी म्हणणार नाही. परसबाग ही विलायती जेवणघराच्या मागची जागा आहे आणि तिथल्या शब्दाबरोबर ती आपल्याकडे आली.

दुसरा अर्धा भागही पानाला पुरता लागत नाही. पान जेवणात नसतं खरं, पण जेवणाला ते इतकं लागून असतं की पंगत पानसुपारीशिवाय संपत नाही. मूळ इंग्रजीत ‘जेवणात’साठी ‘टेबल’ हा शब्द आहे; नुसत्या त्या ‘टेबल’वर बोट ठेवलं, तर चांगला वकील एवढ्या जवळिकीतूनही वाट काढेल. शिवाय पानाचा बराचसा व्यवहार खाण्याचा नाहीच. पूजेला मांडलेल्या विड्याच्या पानांवर सुपारीचा गणपती बसतो, साखरपुड्याला पान लागतं, पैजेचा विडा मांडतात. हे जेवणही नाही आणि भाजीही नाही. म्हणून निकाल बरोबर असला, तरी त्याला दिलेलं माप आपल्याकडच्या घराचं नव्हतं, असं माझं मत आहे. पान भाजी नाही ते परसात उगवत नाही म्हणून नव्हे.

खरं कारण पानाच्या बाजारात पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. पान तांबोळ्याकडे मिळतं. ते कवळीने आणि डागाने, म्हणजे गाठोड्याने, विकलं जातं, किलोने नाही. ओल्या फडक्यात ठेवतात, वरचेवर पालटावं लागतं, डाग पडलेली कड कात्रीने उडवावी लागते, नाहीतर एक सडकं पान साऱ्या थराला लागतं. त्याचे प्रकार वेगळे, भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. भाजीवाल्याच्या पाटीत अळूची पानं असतात, शेवग्याचा पाला असतो, कढीपत्ता असतो. विड्याचं पान नसतं. सणासुदीला पूजेसाठी कुणी चार पानं ठेवलीच, तर ती फुलांच्या आणि दुर्वांच्या बाजूला असतात, मेथीच्या बाजूला नाही. आकाराने अळूचं आणि विड्याचं पान एकमेकांना जवळचं, पण एक वडीत जातं आणि एक विड्यात. यात कुणाचा कधी घोटाळा होत नाही.

आल्याने माप बदललं

ही उणीव पुढे सर्वोच्च न्यायालयातच भरून निघाली, पण पानाच्या नव्हे, आल्याच्या प्रकरणात. १९७७चा ‘पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध वाशी अहमद’. तिथल्या विक्रीकर कायद्यात करमुक्त वस्तूंच्या यादीत व्हेजिटेबल्स होत्याच, पण पुढे ‘सब्जी, तरकारी किंवा शाक या नावांनी सर्वसाधारणपणे ओळखल्या जाणाऱ्या’ असे शब्द जोडले होते. कलकत्त्यात कायदा लिहिणाऱ्यांना इंग्रजी शब्द एकटा सोडायचा नव्हता, असं दिसतं. त्यांनी त्याच्या शेजारी बाजारातले तीन शब्द उभे केले. नागपूरला हे झालं असतं, सहाव्या क्रमांकावर ‘भाजीपाला’ एवढा एक शब्द जोडला असता, तर अकोल्याचा वाद दिल्लीपर्यंत गेला नसता.

प्रश्न होता ओल्या आल्याचा. आल्याची भाजी कुणी करत नाही. पण न्यायमूर्ती भगवती यांनी पाहिलं ते दुसरंच. आलं जेवणाचा मुख्य भाग नसेल, पण दुय्यम भाग असतंच. आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे, ते भाजीवाला विकतो. रोज भाजी विकणारा भाजीवाला आणि रोज बाजारात जाऊन भाजी घेणारी गृहिणी, दोघंही बिनदिक्कत आल्याला भाजीत धरतील. म्हणून आलं करमुक्त. परसबागेचे जुने शब्द निकालात आहेतच, पण त्यांच्याबरोबर शेतही आलं आहे, आणि खरा भार पडला आहे तो भाजीवाल्यावर आणि गृहिणीवर.

माप आता विलायतेतून उसनं आणावं लागत नव्हतं. हेच माप अकोल्याच्या पानाला लावलं तर निकाल तोच येतो, पण कारण आपल्या बाजारातलं मिळतं. भाजीवाला ते विकत नाही, गृहिणी भाजी म्हणून ते घेत नाही, दोघांनाही विचारा.

अकोल्यानंतर लगेचच बिहारच्या एका प्रकरणात ऊस ही हिरवी भाजी आहे का, असाही प्रश्न आला आणि त्याचंही उत्तर नाही असंच आलं. तिथे फार थांबायचं कारण नाही. त्यापेक्षा १९६७चं एक प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण तिथे हीच रीत व्यापाऱ्याच्या कामी आली. मध्य प्रदेशच्या विक्रीकर कायद्यात ‘कोल’ या शब्दात लोणारी कोळसा, म्हणजे लाकूड जाळून केलेला कोळसा, येतो का, असा वाद होता. भूशास्त्राने विचारलं तर येत नाही. ‘कोल’ खाणीतला, हा भट्टीतला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, विकणारा आणि विकत घेणारा दोघंही हा शब्द भूशास्त्राच्या अर्थाने घेत नाहीत, त्यांच्या लेखी कोळसा तो कोळसाच. तेव्हा पानाच्या प्रकरणात ही रीत सरकारच्या बाजूची होती म्हणून उचलली, असा संशय घ्यायला जागा नाही. तिथे ती अरुंद अर्थाकडे घेऊन गेली, इथे रुंद अर्थाकडे. दोन्ही वेळा ती दुकानात घेऊन गेली. मराठीतसुद्धा ‘कोळसा’ एकच, दगडी असो की लोणारी, हे इथे जाता जाता लक्षात येतं.

एक गोष्ट मात्र त्यानंतर बदलली आहे आणि ती करसल्लागारांना ठाऊक असायला हवी. सूट देणाऱ्या नोंदीचा अर्थ दोन तऱ्हेने लागत असेल तर संशयाचा फायदा कुणाला द्यायचा? मुंबईच्या सीमाशुल्क आयुक्तांच्या ‘दिलीप कुमार आणि कंपनी’ या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१८ साली सांगितलं, की कर लावणाऱ्या तरतुदीत संशय असेल तर फायदा करदात्याला, पण सूट देणाऱ्या अधिसूचनेत संशय असेल तर फायदा सरकारला. तिथेही मूळ भांडण एका शब्दाचंच होतं: ‘ॲनिमल फीड’ म्हणजे जनावरांचं खाद्य, त्यात कोळंबीच्या खाद्यात मिसळायचा माल येतो का? ही पायरी लक्षात घेतली तर आज तोच अकोल्याचा व्यापारी जास्तच अडचणीत आला असता. सूट हवी असणाऱ्यानेच आपला माल नोंदीत बसतो हे दाखवायचं, आणि कोशातल्या एका ओळीने ते दाखवता येत नाही.

आजची यादी

पण आज त्याला हा वाद घालावाच लागला नसता. जीएसटीत वस्तूंची वर्गवारी सीमाशुल्काच्या दरपत्रकावरून होते. हे दरपत्रक जगभर वापरल्या जाणाऱ्या, १९८८पासून लागू असलेल्या सुसंवादी वर्गीकरणावर आधारलेलं आहे. त्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवले आहेत. दुसऱ्या विभागाचं नावच ‘व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’. तिथे तो जुना, रुंद अर्थ आहे: झाडं, फुलं, धान्य, चहा, डिंक, सगळं त्या एका छपराखाली. त्याच विभागातल्या सातव्या प्रकरणाचं नाव आहे ‘एडिबल व्हेजिटेबल्स’, म्हणजे खाण्याच्या भाज्या, आणि तिथे अरुंद अर्थ आहे. नाम कुठे आणि विशेषण कुठे, हेही त्या दोन नावांत स्वच्छ दिसतं. टोमॅटो सातव्या प्रकरणात आहे, ग्रे यांच्या म्हणण्याप्रमाणे. ऊस बाराव्यात गेला आहे. लोकांच्या बोलण्याची कसोटी इथे सर्रास चालत नाही, कारण यादी आणि तिच्या टिपा स्वतःच बोलतात. म्हणूनच १९७७मध्ये भाजी ठरलेलं ओलं आलं इथे नवव्या प्रकरणात हळदीच्या शेजारी मसाल्यांत आहे. ओल्या आल्याला सूट आहे, पण ती त्याच्या स्वतःच्या नावाने, भाजी म्हणून नव्हे.

विड्याचं पान चौदाव्या प्रकरणात आहे, क्रमांक १४०४ ९० ४०. दुसरीकडे कुठे न बसणाऱ्या वनस्पतिज वस्तूंचं ते प्रकरण. म्हणजे रुंद अर्थाने पान व्हेजिटेबल आहे हे व्यापाऱ्याचं म्हणणं या दरपत्रकाने मान्य केलं आहे, आणि ते भाजी नव्हे हे न्यायालयाचं म्हणणंही. २०१७मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा करमुक्त वस्तूंच्या यादीत पानांची नोंद वेगळी, नावानिशी केली गेली. १९४८मध्ये नागपूरच्या यादीतून जी गळली होती, तशीच.